ड्रायरवाल्या काकांना, दांडिया बाजारातून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण समोर आलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवता.

भर श्रावण, बडोद्याचा चिकट पाऊस आणि घरात तीन महिन्यांचं बाळ. दुपटी-लंगोटांच्या दोऱ्या पार देवघरापर्यंत पोचल्या होत्या. त्यात ड्रायर रुसला. ड्रम फिरायचा, हवाही यायची, पण गार. दुरुस्तीवाला पाच मिनिटांत "हीटर गेला, नवा टाका" सांगून गेला. आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात धोबी वर्षभर येईल.

तुम्ही आलात आणि मशीनऐवजी मलाच प्रश्न विचारलात, "बिघडायच्या आधी कपडे किती वेळात वाळायचे?" तासाभरात. पण गेला महिनाभर दोन-दोनदा लावावं लागत होतं. मी पावसाळी हवेला बोल लावत होते. तुम्ही खिडकीबाहेर, ड्रायरची हवा सोडणाऱ्या पाइपच्या तोंडाशी हात धरलात. चहावर फुंकर मारावी, तेवढीच हवा.

मग प्लग काढून मागचा पत्रा उघडलात. पेपरच्या कडेला गणित मांडलंत: 2000 वॉटचा हीटर, 230 व्होल्ट, म्हणजे कॉइल, हीटरची तापणारी तार, साधारण 26 ओहम दाखवायला हवी. वायर सोडवून मीटर लावला तर 26च! हीटर ठणठणीत. तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटवरही मीटर वाजला, म्हणजे तोही शाबूत. त्याच्या शेजारच्या बोटभर पांढऱ्या थर्मल फ्यूजवर मात्र चिडीचूप.

"सध्यापुरतं थेट जोडून टाकू का?" असं आमच्या ह्यांनी विचारलं, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. प्रमाणाबाहेर तापलं की तो फ्यूज स्वतः जळून हीटर बंद करतो, पुन्हा जोडला जात नाही. तो वगळला तर तापलेली कॉइल आणि कपड्यांची लव यांच्यामध्ये अडवणारं काही उरत नाही, हे तुम्ही त्यांना दोनदा ऐकवलंत. मला मनातून बरं वाटलं, कारण आदल्या रात्री असलाच काही जुगाड मीही सुचवला होता, पण बोलणी त्यांना बसली.

खरा गुन्हेगार मशीनमागे निघाला. पाळण्याला जागा व्हावी म्हणून मीच ड्रायर भिंतीला रेटला होता. पाइप दुमडलेला आणि आत गुलाबी लवेचा ओला बोळा, छोटी उशी भरावी एवढा. "जाळी तर मी रोज साफ करते," मी म्हणाले. "आणि जाळीतून सुटतं ते?" तुम्ही विचारलंत. बोळा माझ्या हातातच होता.

जुन्या फ्यूजवरचं तापमान वाचून अगदी तेवढ्याचाच नवा आणलात, पाइप आखूड आणि सरळ केलात. पैसे विचारले तर आजोबांची गोष्ट काढलीत: सयाजीराव महाराजांनी 1890 साली काढलेल्या कलाभवन या तंत्रशाळेत ते शिकले, आणि शेजाऱ्याकडून मजुरी घेणं त्यांना कधी जमलं नाही म्हणे. सासूबाईंनी ती गोष्ट आता अख्ख्या गल्लीला सांगितली आहे, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात तुमचं काही खरं नाही.

मीटरची लाल वायर इथेच राहिलीय. रविवारी न्यायला या, सेव-उसळ करतेय. काकूंनाही आणा.

तुमची,
समोरच्या वाड्यातली सूनबाई