काचेच्या पेल्यातला हेर

प्रिय सुध्या,

तुझ्या श्रुतिकेचं बाड मिळालं. हसलो, खोटं कशाला बोलू! पण तुझी चारही पात्रं कानाला एकसारखी लागतात. आणि 'युद्धात लोक रेडिओवर कसले हसतात?' असं फोनवर म्हणालास ना, त्याचं उत्तर यातच आहे.

बीबीसीचा विनोदी रेडिओ कार्यक्रम 'इट्स दॅट मॅन अगेन' ('पुन्हा तोच माणूस'), लोकांच्या तोंडी 'इटमा', १२ जुलै १९३९ ला सुरू झाला. नावातला 'तो माणूस' म्हणजे हिटलर. पेपरातले मथळे त्याला असंच म्हणायचे. पहिले भाग बेतासबात. सप्टेंबरात युद्ध पेटलं, बीबीसीनं विनोद-संगीताचं खातं ब्रिस्टलला हलवलं, तिथंही बॉम्ब पडू लागले तेव्हा १९४१ मध्ये वेल्समधल्या बँगोरला. या धावपळीतच मंडळींना सूर सापडला.

कार्यक्रमाचा नायक टॉमी हँडली लिव्हरपूलचा, लेखक टेड कॅव्हना न्यूझीलंडचा. जो तो रेशन आणि सरकारी फर्मानांनी पिचलेला, तेव्हा यांनी हँडलीला थेट 'वैताग आणि गूढ' खात्याचा मंत्रीच करून टाकलं! चिमटे ताज्या बातम्यांवरचे, त्यामुळे आज ऐकताना निम्मे डोक्यावरून जातात.

पण फुन्फ अजून कळतो. हा जर्मन हेर. जॅक ट्रेन हा नट काचेच्या पेल्यात तोंड घालून बोलायचा, 'फुन्फ बोलतोय', बस्स. हेरांच्या धास्तीनं कावलेले लोक एकमेकांना फोन करून तोच आवाज काढायला लागले. काय खर्च आला? एक पेला!

दुसरी गंमत दाराची. दार उघडल्याचा आवाज, पात्र आत, ठरलेलं वाक्य, पात्र बाहेर. झाडूवाली मिसेस मॉप यायची आणि विचारायची, 'साहेब, आता तुमचं उरकू का?' कर्नल चिनस्ट्रॅपला कुठल्याही बोलण्यात दारूचं आमंत्रणच ऐकू यायचं. लगेच, 'आग्रहच करताय तर घेतो थोडी.' गवळणीत मावशीनं तोंड उघडायच्या आत पब्लिक खिदळायला लागतं, तसंच हे. मधेच ऑर्केस्ट्रा, एखादं गाणं, की पुन्हा दार. २१ एप्रिल १९४२ ला राजकन्या एलिझाबेथच्या सोळाव्या वाढदिवशी विंडसरच्या राजवाड्यातही हाच धुडगूस झाला.

अमेरिकेत त्याच वर्षी 'कमांड परफॉर्मन्स' हा रेडिओ कार्यक्रम निघाला, सैनिकांच्या फर्माइशींवर. कुणाला नटी अॅन मिलरचा लष्करी बूट घालून केलेला टॅप डान्स हवा, कुणाला नटी कॅरोल लँडिसचा नुसता सुस्कारा! (तुझे बाबा ज्या सिलोनवर 'बिनाका गीतमाला' ऐकायचे, तिथूनही युद्धकाळात माउंटबॅटनच्या फौजेसाठी कार्यक्रम व्हायचे बरं.)

हँडली ९ जानेवारी १९४९ ला अचानक गेला आणि बीबीसीनं 'इटमा' तिथंच थांबवला. दुसऱ्या कुणाला उभं करून चालणारच नव्हतं.

तर तू असं कर. तिसऱ्या प्रवेशातले वकील आणि डॉक्टर एकच करून टाक, घरमालकाला एकच वाक्य दे आणि तो दर वेळी जिन्यावरून धापा टाकत येऊ दे. कोट्या निम्म्या काप, विशेषतः ती महापालिकेची. नवा खर्डा लवकर पाठव, आणि या वेळी अक्षर तेवढं बरं काढ. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझाच,
विन्या