खोकला दाबू नका, कारण शोधा

संपादक महोदय,

पूर्ण दिवसांचा असूनही माझ्या मुलाला जन्मल्या रात्रीच प्राणवायू लावावा लागला. पुढची नऊ वर्षे त्याच्या बारमाही ओल्या खोकल्याला ‘बालदमा’ म्हणत पंप आणि खोकला दाबणारी औषधे दिली गेली. एक्स-रेमध्ये हृदय उजवीकडे दिसले, तेव्हा फिल्मच उलटी लावली असेल म्हणून ती फिरवून पाहण्यात आली! अखेर निदान झाले ‘प्रायमरी सिलिअरी डिस्किनेसिया’चे.

श्वासमार्गाच्या अस्तरावरील केसांसारखी सूक्ष्म रोमके कफ घशाकडे लोटतात. या आनुवंशिक विकारात ती हलत नाहीत किंवा वेडीवाकडी हलतात, त्यामुळे कफ साचतो आणि वारंवारच्या संसर्गाने श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. गर्भात अवयवांची डावी-उजवी बाजूही अशाच रोमकांमुळे ठरते, म्हणून सुमारे निम्म्या रुग्णांचे अवयव उलट्या बाजूस असतात. उरलेल्यांत ही खूणही नसते. नाकातील नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि जनुकीय चाचणी यांची सांगड घालूनच निदान करावे लागते, कारण कोणतीही एक तपासणी पुरेशी नसते.

सदोष जनुक बहुधा आई-वडील दोघांकडून येते. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या आपल्या भागात तरी नात्यातल्या लग्नाची चौकशी व्हायला हवी होती. आम्हाला ती कोणीच केली नाही.

विकार समूळ बरा होत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ छातीची फिजिओथेरपी करून, पालथे झोपवून आम्ही कफ काढतो. थुंकीच्या तपासणीनुसार प्रतिजैविके, लसी आणि कानांची तपासणी हेही चालू असते. ही फिजिओथेरपी पालकांना शिकवण्याची सोय जिल्हा रुग्णालयांत व्हावी, ही आरोग्य विभागाला विनंती.

– एक पालक, सातारा