सेटर काकांच्या रजेवरून सुचलेलं

ती. दादा आणि वहिनी, सा. न.

इकडे जपानात, आइचीत पावसाळा संपत आलाय, उकाडा भयंकर, बाकी मी मजेत. परवा फोनवर तू म्हणालास ना की मशीन लावून देणारे आपले सेटर काका वारीला गेले आणि व्हीएमसी, आपलं कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, तसंच उभं राहिलं, जॉब अडकले, ते डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितोय, फोनवर तू कायम घाईत असतोस. काकांची वारी चुकवायचा प्रश्नच नाही, पण ऑफसेट घेणं, म्हणजे टूल आणि जॉब नेमके कुठे आहेत ते मशीनला सांगणं, आपल्या शॉपवर त्यांच्या एकट्याच्याच हातात आहे हा खरा घोळ.

आमच्या लाइनवर एक तक्ता लावलेला असतो, वर कामं, डावीकडे माणसांची नावं, प्रत्येक चौकटीत चार भाग केलेला गोल. शिकतोय तर एक भाग काळा, कुणी बाजूला उभं असताना जमतं तर दोन, एकट्याने जमतं तर तीन, दुसऱ्याला शिकवता येतं तर पूर्ण गोल. सकाळी कुणी आलं नाही की लीडर तक्त्याकडे बघतो आणि माणूस हलवतो. तूही एक कागद घेऊन काढ. ज्या कामाखाली एकच गोल भरलेला दिसेल तिथून सुरू कर, सगळ्यांना सगळं शिकवायच्या भानगडीत पडू नको, त्यात कुणाचाच हात बसत नाही.

आता अवघड भाग. टोयोटात तिथले इंजिनिअर ताइइची ओनो यांनी 1947 च्या सुमारास मशीन शॉपमध्ये एका माणसाकडे तीन-चार मशीन द्यायला सुरुवात केली तेव्हा जुन्या कारागिरांनी जोरदार विरोध केला होता, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. इतकी वर्षं एका मशीनवर घासून कमावलेली किंमत अशी वाटून टाकायची म्हटल्यावर माणूस बिथरणारच. काकांनाही हेच वाटेल, की पोरगा शिकला की मला घरी बसवतील. म्हणून त्यांच्याशी आधी तू स्वतः बोल, सगळ्यांसमोर नको, आणि शिकवायचे पगारात वेगळे पैसे धर, दिवाळीला बघू असं नको. तक्त्यावर त्यांचा पूर्ण गोल सगळ्यात आधी काळा कर.

आणि नुसतं "काकांच्या मागे उभा राहा, बघ" म्हणून कुणी शिकत नाही रे. इथे जी पद्धत आहे ती मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी बनली, युद्धानंतर जपानात आली. आधी माणसाला निवांत करून त्याला काय येतं ते विचारायचं, मग काम करून दाखवताना मुख्य पायऱ्या आणि प्रत्येक पायरी तशीच का ते सांगायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि तो करत असताना त्यालाच कारण बोलायला लावायचं, मग हळूहळू बाजूला व्हायचं पण येऊन बघत राहायचं. त्यातलं "का" आपल्याकडे कायम राहून जातं. आधी एक सोपा जॉब घे, झेड, म्हणजे टूलची उंची, वर उचलून हवेत एकदा प्रोग्रॅम चालवू दे, मग सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळीला थांबत, रॅपिड, म्हणजे न कापता टूल पळायचा वेग, अगदी कमी ठेवून, म्हणजे टूल ठोकायची भीती राहणार नाही. फर्स्ट पीस त्यानेच मोजायचा, काका फक्त तपासतील.

शिकल्यावर आठवड्यातून एकदा तरी ते काम त्याच्याकडे गेलंच पाहिजे, नाहीतर काका पुढच्या आषाढीला निघतील तोवर सगळं विसरलेला असेल. अजून एक फायदा मला इथेच कळला, मी थोडे दिवस इन्स्पेक्शनला बसलो तेव्हा कापलेल्या कडेवर आपण सोडलेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, पुढच्या माणसाला किती त्रास देतो ते दिसलं, त्यानंतर मशीनवर माझं काम आपोआप स्वच्छ झालं, कुणाला सांगावं लागलं नाही.

वहिनी, हे तुमच्यासाठीपण आहे. जीएसटी आणि ई-वे बिल तुम्ही एकट्याच करता, त्यामुळे मे महिन्यात माहेरी गेलात तरी दिवसभर लॅपटॉप मांडीवर. स्टोअरमधल्या पोराला बिलं काढायला शिकवा, तो अकाउंट्स शिकलेला आहे आणि त्याला हे काम हवंय, मागच्या खेपेला मलाच म्हणाला होता.

तक्ता काढलास की फोटो पाठव.

तुझा,
बाळू