मुलाखत घेतलीत, तर "नाही" म्हणायलाही फोन करा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यात राहतो. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत निवृत्त झालो. मुलाखतीचं बोलावणं आलं की आजही मुलं बायोडेटा दाखवायला घरी येतात. त्यांच्या वतीनं माझी मागणी एकच आहे: मुलाखत घेणाऱ्यानं निकाल उमेदवाराला ठरावीक मुदतीत कळवलाच पाहिजे.

जळगावच्या एमआयडीसीत पाईप, ठिबक, चटई, डाळ मिल असे उद्योग आहेत, पण जळगाव, धुळे, नंदुरबार या आमच्या तिन्ही जिल्ह्यांतून दरवर्षी शिकून बाहेर पडणारी मुलं तिथं मावत नाहीत. मग पुण्याकडचं चाकण, रांजणगाव, नाहीतर नाशिकचं सातपूर-अंबड. शहादा-अक्कलकुव्याच्या पोराला चाकण गाठायचं तर रात्रभर एसटी. सकाळी स्टँडवरच तोंड धुऊन तो इस्त्रीचा शर्ट घालतो आणि वेळेआधी गेटवर उभा राहतो. भाड्याचे पैसे बहुतेक वेळा उसने घेतलेले असतात. दुपारपर्यंत त्याला सिक्युरिटीच्या केबिनशेजारी बसवून ठेवतात, मग दहा मिनिटं बोलतात आणि उठताना म्हणतात, "कळवतो."

त्यानंतर कुणी काही कळवत नाही. ज्या नंबरवरून बोलावणं आलं, तो नंबर आता उचलला जात नाही. कधी पोरगा गाडीत असतानाच व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो की आजच्या मुलाखती रद्द. कधी जाहिरातीत फिटर असतं आणि तिथं गेल्यावर ठेकेदाराकडे हेल्परचं काम निघतं. पगाराचा आकडा तर शेवटपर्यंत कुणी बोलत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याला चाकणच्या एका कंपनीतल्या साहेबांनी तोंडी सांगितलं, "तुझं झालं समज, लेटर येईल." त्याच सुमारास त्याला जळगावात अप्रेंटिसशिपची जागा चालून आली होती. चाकणचं पक्कं आहे म्हणून त्यानं ती सोडली. लेटर आलंच नाही. वडील रोज शेतातून आले की विचारायचे, "काय व्हयनं रे त्या नोकरीनं?" आणि पोरगा ताटावरून उठून जायचा. त्या कंपनीनं त्याला घेतलं नाही, याबद्दल माझी तक्रार नाही; निवड करणं हा त्यांचा हक्क आहे. पण वेळेवर "नाही" कळलं असतं तर जळगावची जागा हातची गेली नसती. नकार पचवता येतो, साहेब. वाट बघण्यात मात्र पोरगा अडकून पडतो. दुसरीकडे अर्ज करत नाही, हंगामात केळीच्या गाड्या भरायलाही जात नाही, कारण उद्या बोलावलं तर काय, ही धास्ती.

लहान कारखानदारांची अडचण मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे वेगळा एचआर नसतो आणि एका जागेला पन्नास जण येतात. पण पन्नास जणांना बोलावण्याचा मेसेज जातो, तर नकाराचाही जाऊ शकतो.

रिक्त पदं सेवायोजन कार्यालयाला (एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला) कळवण्याचा कायदा आपल्याकडे 1959 सालीच झाला. 25 किंवा त्याहून जास्त कामगारांच्या खाजगी आस्थापनाही त्यात धरल्या होत्या. 1960 च्या नियमांत तर निवडीचा निकाल 15 दिवसांत कार्यालयाला कळवावा, असंही होतं. रिक्त पदं कळवण्याची तरतूद पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतली. कार्यालयाला कळवायचं ठरवलं, पण रात्रभर प्रवास करून आलेल्या पोराला कळवायचं राहून गेलं. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतानं ते केलं आहे. तिथं 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला, जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतल्यावर निर्णय झाला की नाही, हे 45 दिवसांत उमेदवाराला सांगावं लागतं. जाहिरातीत पगारही लिहावा लागतो.

आपल्या विभागाचे रोजगार मेळावे होतात, त्याबद्दल आभार. पण दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते ती "प्राथमिक निवड" झालेल्यांच्या आकड्याची. त्यातले किती प्रत्यक्ष कामावर रुजू झाले, हे तीन महिन्यांनी का छापू नये? मेळाव्यात टेबल मांडणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून लेखी घ्या: पद, पगार आणि नोकरी कंपनीची की ठेकेदाराची, हे आधी सांगू, मूळ कागदपत्रं ठेवून घेणार नाही, निकाल 15 दिवसांत विभागाच्या महास्वयम् पोर्टलवर भरू. तो भरला की उमेदवाराच्या मोबाईलवर आपोआप मेसेज जावा. जी कंपनी भरणार नाही, तिला पुढच्या मेळाव्याला बोलावू नका.

कायदा व्हायला वेळ लागेल, हे मी समजू शकतो. मेळाव्याच्या अटी मात्र आपला विभागच ठरवतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या पुढच्या मेळाव्यांच्या पत्रकातच ही अट घाला, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
ता. चोपडा, जि. जळगाव