तुम्ही शेवटच्या बाकावर बसलात, मॅडम

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या लेटरहेडवरचं आभारपत्र तुम्हाला मिळालं असेलच. हे पत्र माझं, एका वर्गशिक्षिकेचं आहे, आणि चारचौघांनी वाचावं म्हणूनच उघडपणे लिहिते आहे.

शाळेत वीज कुठे वाया जाते ते तपासून ती वाचवायला तुम्ही आलात, तसे तुमच्याआधीही लोक येऊन गेले. एकांनी वर्गात पाऊलही टाकलं नाही. ऑफिसात बसून बिलं चाळली आणि प्रत्येक वर्गातली एक-एक ट्यूब काढायला लावली. बिल उतरलं, त्यांचं कौतुकही झालं, आणि माझी मागच्या रांगेतली मुलं वहीत नाक खुपसून लिहायला लागली. मी तक्रार केली तर म्हणाले, थोडं सोसावं लागतं. दुसरे आले ते गच्चीवर सोलर बसवायचं ठरवूनच. खाली वर्गांमध्ये वीज कुठे वाया जाते, हे बघायला त्यांना सवड नव्हती. त्या दोघांवरचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र मीटरकडे जायच्या आधी शेवटच्या बाकावर जाऊन बसलात. गुडघे अडत होते, तरी बसलात. शेजारच्या मुलीला विचारलंत, "इथून फळ्यावरचं दिसतं का गं?" ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही घाई केली नाहीत. मग ती म्हणाली, "दुपारी फळा चमकतो, म्हणून पडदे लावतात. मग अंधार होतो, म्हणून लाइट लावतात."

बाहेर लख्ख ऊन आणि आत दिवसभर ट्यूब चालू, असं का, ते त्या पोरीने दोन वाक्यांत सांगून टाकलं. इतक्या वर्षांत मुलांना कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही तिचं बोलणं तिच्याच शब्दांत वहीत उतरवलंत आणि "बरोबर लिहिलंय ना?" म्हणून वही तिच्यापुढे धरलीत. तिने ते बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली. मॅडम, माझे खरे आभार त्या वही पुढे करण्यासाठी आहेत.

पुढची कामं तुम्हाला माहीतच आहेत. आता पडदा फक्त फळ्याजवळच्या खिडकीला आहे. खिडकीकडच्या ट्यूबच्या ओळीला वेगळं बटण मिळालं. आधी आतल्या भिंतीकडचा अंधार घालवायचा तर उन्हातली ओळही सोबत जळायची. काढलेल्या ट्यूब परत आल्या, त्याही एलईडी. जुनी ३६ वॅटची ट्यूब चोकसकट ४५ वॅटच्या पुढे जायची, नवी २० वॅटमध्ये भागवते. आणि बाकावर ३०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड पडतो की नाही, हे तुम्ही त्याच शेवटच्या बाकावर उजेड मोजायचं मीटर ठेवून मोजलंत.

आमच्या शिपाईमामांबद्दलही लिहायलाच हवं. सुट्टीच्या दिवशी शाळा बंद असूनही मीटर का पळतो, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं: फ्लशची टाकी गळते, वरची टाकी रिकामी होते आणि पंप आपोआप सुरू होतो. हे ते कधीपासून सांगत होते. तुम्ही ते ऐकून घेतलंत, आणि अहवालात त्यांच्या नावानिशी लिहिलंत. शिकलेली, हुशार माणसं आम्हाला पुष्कळ भेटली. पण ज्याचं तो जाणतो असं मानून समोरच्याला विचारणारं आणि श्रेय त्याच्या पदरात टाकणारं माणूस क्वचितच भेटतं. अशा माणसांच्या हाताखाली शिकायला मिळावं, असं मला मुलांसाठी फार वाटतं.

गच्चीला पांढरा रंग द्यायचं काम आता सुरू होतंय. वरच्या मजल्यावरच्या वर्गांत स्लॅब असा तापतो की पंखा गरम वाराच खाली ढकलतो, त्यामुळे या रंगाकडे आमचे डोळे लागलेत. रंगाच्या आधी आणि नंतर छताचं तापमान मोजायला येईन, असं तुम्ही म्हणाला होतात. नक्की या. आधीचे आकडे टिपायला मुलांनी वहीत रकाने आखून ठेवलेत, आणि मोजायचं काम यंदा त्यांनाच करायचंय.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची एक वर्गशिक्षिका