विषय : एफएक्स-६ कॅमेऱ्याचे भाडे घेऊन एफएक्स-३ पाठवल्याबाबत आणि डिपॉझिटमधून रक्कम कापल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, भाडे विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

नागपूर, ९ सप्टेंबर २०२५

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनशी माझं सातव्यांदा बोलणं झालं. "सर, तुमचं तिकीट रिझॉल्व्ह झालेलं दाखवतंय," असं सांगण्यात आलं. कोणी रिझॉल्व्ह केलं आणि नेमकं काय केलं, हे सांगायला पलीकडे कोणी नव्हतं. म्हणून आता लेखी.

ऑर्डर तुमच्या सिस्टीममध्ये आहेच. एफएक्स-६ बॉडी एक, ई-माउंट प्राइम लेन्स तीन, बीपी-यू बॅटऱ्या चार, फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा माणूस, एक. दोन शिफ्ट, २२ आणि २३ ऑगस्ट. बॉडीचे ५,५००, लेन्सच्या सेटचे ४,५००, फोकस पुलरचे ४,००० रोजचे. दोन दिवसांचे २८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३३,०४०. वर डिपॉझिट ४०,०००. सगळे पैसे १४ ऑगस्टला भरले. आमच्या अख्ख्या सिनेमाचं बजेट साडेआठ लाख आहे, त्यातले पावणेतीन लाख माझ्या पीएफमधून काढलेले. हे तुमची दया यावी म्हणून सांगत नाही. ३३,०४० हा आकडा आमच्याकडे काय असतो, एवढं कळावं म्हणून सांगतो.

सामान २१ तारखेला संध्याकाळी मिळणार होतं, म्हणजे रात्री टेस्ट करून २२ ला पोळ्याचे शॉट घेता आले असते. ते आलं २२ ला रात्री पावणेबाराला, बैद्यनाथ चौकात, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून. पोळा संपला होता. बैल घरी जाऊन झोपले होते.

पेटी तिथेच, पानठेल्याच्या उजेडात उघडली. आत एफएक्स-३. सोबत बीपी-यू बॅटऱ्या चार. एफएक्स-३ ला एनपी-एफझेड१०० लागते हे तुम्हाला मी सांगायचं का? बॉडीत होती ती एकच. लेन्स तिन्ही पीएल माउंटच्या, म्हणजे वेगळ्याच खाचेच्या, आणि अ‍ॅडॅप्टर नाही. पीएलचं फ्लँज, म्हणजे लेन्सच्या खाचेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर, ५२ मिलिमीटर, ई-माउंटचं १८. मधली ३४ मिलिमीटरची एक रिंग पेटीत टाकली असती तर निदान लेन्स बसली असती. म्हणजे कॅमेरा एका घरचा, बॅटऱ्या दुसऱ्या घरच्या, लेन्स तिसऱ्याच घरच्या. हे सामान भरणाऱ्याने एकदा तरी कॅमेरा हातात धरला आहे का, अशी शंका येते.

फोकस पुलर म्हणून जो मुलगा आला तो अटेंडंट निघाला. त्याचा यात दोष नाही, हे आधीच लिहून ठेवतो. "मले तं फक्त सामान मोजून आणाले सांगितलं होतं," असं तो बिचारा म्हणाला. तो मूळचा आमच्याकडचाच, गोंदियाचा. पंधरा तास ट्रॅव्हल्समध्ये बसून आला होता आणि दुपारपासून उपाशी होता. नागपुरात लग्नाचं शूट करणारे ढीगभर आहेत, पण चालत्या गर्दीत ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर फोकस धरणारा माणूस सहजी मिळत नाही. म्हणून तर तुमच्याकडे रोजचे चार हजार मोजले होते.

आता तुमच्या हेल्पलाइनला केलेला तो फोन. कॉल रेकॉर्ड होतो असं तुमचीच बाई सुरुवातीला सांगते, तेव्हा ऐकून घ्या. २३ तारीख, रात्री बारा वाजून दहा मिनिटं.

मी म्हटलं, एफएक्स-६ ऐवजी एफएक्स-३ आलाय.

"सर, सेन्सर सेम आहे."

सेन्सर जवळपास तोच असेल, पण मी सेन्सरचं भाडं भरलं नव्हतं, एनडीचं, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या फिल्टरचं भरलं होतं. एफएक्स-६ मध्ये १/४ ते १/१२८ पर्यंतचा व्हेरिएबल एनडी आत बसवलेला असतो, चालता चालता डायल फिरवता येतो. इतवारीच्या गल्लीत सावली, पुढच्या चौकात रखरखीत ऊन, वर ऑगस्टचे ढग येऊन-जाऊन. एफएक्स-३ ला तो नाही, आणि तुम्ही बाहेरून लावायचा फिल्टरही पाठवला नाही. हे सगळं त्याला समजावलं. तो म्हणाला, "मी समजू शकतो सर. मग शूट एक दिवस पुढे घ्या ना. रविवारी रिप्लेसमेंट पाठवतो."

"पुढे नाही घेता येत. उद्या मारबत आहे."

"ओके सर. मग मारबतची पुढची डेट घ्या."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कोणाची डेट?"

"मारबत मॅडमची, सर. तुम्ही म्हणत असाल तर त्यांच्या मॅनेजरशी आम्ही बोलतो. कधी कधी व्हेंडरकडून फोन गेला की आर्टिस्ट अ‍ॅडजस्ट करतात."

पानठेल्यावर उभी असलेली माझी सगळी टीम स्पीकरवर हे ऐकत होती. माझा सहायक तोंड दाबून ट्रॅव्हल्सच्या मागे गेला. मी मात्र शांतपणे सांगितलं, खरंच शांतपणे सांगितलं, की मारबत म्हणजे कोणी मॅडम नाही. तो पुतळा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे त्याची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. दोघींची गाठ नेहरू पुतळ्याजवळ पडते, लाखभर माणसं रस्त्यावर असतात आणि सगळा गाव "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतो. आमच्या सिनेमाचा शेवट त्या गर्दीत आहे. तो सेट लावून होत नाही, तेवढी माणसं आणायला आमच्याकडे पैसे नाहीत.

त्याने मला होल्डवर ठेवलं. चार मिनिटं बासरी वाजली. मग परत आला.

"सर, सिनियरशी बोललो. ते विचारतायत, पुतळाच आहे तर रविवारी परत उभा करता येईल ना?"

"शेवटी त्याला जाळतात."

"पूर्ण?"

"हो, पूर्ण."

"ओके सर. मग हे फोर्स मेजरमध्ये, म्हणजे दैवी आपत्तीत जाईल. आणखी काही मदत करू शकतो का? आपला दिवस शुभ असो."

रात्री साडेबाराला दिवस शुभ असो! आणि तो सिनियर कोण, हे मला कळलंच पाहिजे. ज्याला पुतळा परत उभा करता येईल असं वाटतं, तो तुमच्याकडे लॉजिस्टिक्स बघतो, हे एका अर्थाने सगळंच समजावून सांगतं.

शूट झालं. तुमच्यामुळे नाही, तुम्ही असूनसुद्धा. सक्करदऱ्यातल्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरला पहाटे चारला उठवलं. त्याने स्वतःची २४-१०५ लेन्स, दोन एफझेड१०० बॅटऱ्या आणि एक जुना फिरता एनडी दिला. पैसे घेतले नाहीत, म्हणाला, "घेऊन जा ना बाप्पा, मारबत काय रोज निघते का?" हे त्याला कळतं. त्याचं ऑफिस मुंबईत नाही, म्हणून असेल.

पण तो एनडी ७७ मिलिमीटरचा आणि थोडा तिरका बसणारा, एका कोपऱ्यात काळा पट्टा मारत होता. पिवळी मारबत जगनाथ बुधवारीतून वळली तेव्हा तो काढावा लागला. त्या उन्हात, ८०० बेस आयएसओवर, एनडीशिवाय काय पर्याय उरतो ते तुम्ही जाणता. एक तर अ‍ॅपर्चर शक्य तितकं बारीक करून सगळी गर्दी मागच्या होर्डिंगसकट टाचणीसारखी टोकदार करायची, नाही तर शटरचा वेग वाढवून माणसं झटके देत चालल्यासारखी दिसू द्यायची. आम्ही थोडं हे केलं, थोडं ते. एडिटवर दोन्ही जुळत नाहीत. दोन्ही मारबती समोरासमोर येतात तो शॉट, ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता, त्यात काळ्या मारबतीच्या चेहऱ्यावर फोकस नाही. फोकस तिच्या मागच्या ट्रान्सफॉर्मरवर आहे. कारण फोकस पुलर नव्हता. आणि हो, बॅटऱ्या. चार बीपी-यू बॅटऱ्या दिवसभर पाठीवर वाहिल्या, त्यातली एकही कॅमेऱ्यात जात नव्हती.

इतकं होऊन मी रागात पत्र लिहिलं नव्हतं. वाट पाहिली. मग २९ ऑगस्टला डिपॉझिट आलं, ३१,३००. कापलेले ८,७००. त्यातले ३,२०० "हँडलमध्ये लाल पावडर" म्हणून सफाईचे. तो गुलाल आहे. आणि ५,५०० एका जादा दिवसाचे, कारण तुमचा पिकअपवाला २४ ऐवजी २५ ला आला. तुमचा माणूस उशिरा आला त्याचं भाडं मी द्यायचं, आणि तेही एफएक्स-६ च्या दराने! म्हणजे माझ्याकडे कधी आलाच नाही तो कॅमेरा मी एक दिवस जास्त ठेवून घेतला.

२०२२ मध्ये माझ्या शॉर्टफिल्मचं सामान तुमच्याकडूनच घेतलं होतं. तेव्हा गोडाऊनमधून एका माणसाने स्वतः फोन करून विचारलं होतं, गिंबलवर लावणार का, मग हलकी लेन्स देतो. मी त्या एका फोनच्या जोरावर तीन वर्षं नागपुरात, अमरावतीत, वर्ध्यात तुमचं नाव सांगत फिरलो. आता त्या सगळ्यांना परत फोन करायचा आहे. माणूस तुमच्याकडे नसेल तर निदान त्याला माझा नमस्कार कळवा.

मागणी सरळ आहे. एफएक्स-३ चं तुमच्याच रेटकार्डावरचं भाडं ३,००० रोज. दोन दिवसांचे जीएसटीसह ७,०८० ठेवून घ्या, कारण तो कॅमेरा मी वापरला. उरलेले २५,९६० आणि डिपॉझिटचे ८,७००, मिळून ३४,६६० रुपये पंधरा दिवसांत परत करा.

नाही केलेत तर नागपूर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमच्या बिलाखाली बारीक अक्षरात "न्यायक्षेत्र फक्त मुंबई" छापलंय ते वाचलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. आणि पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही, हे आमच्यासारख्यांना फार बरं आहे. तुमचे वकील म्हणतील, सिनेमा म्हणजे धंदा, हा ग्राहक नाही. म्हणू द्या. साडेआठ लाखांत धंदा कसा होतो हे त्यांनी आयोगासमोर समजावून सांगावं, मलाही शिकायचं आहे.

आणखी एक. मारबतीच्या मिरवणुकीत बडगेही निघतात, हे तुमच्या सिनियरला माहीत नसणार. वर्षभरात ज्याने ज्याने लोकांना छळलं त्याचा बडग्या करून, गळ्यात पाटी लटकवून गावभर फिरवतात. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे मारबत थेट २०२६ च्या सप्टेंबरात येईल. बांबू, कागद आणि खळ आणायला भरपूर वेळ आहे. हातात पीएल लेन्स देऊ, खिशात बीपी-यू. शूट करायला कॅमेरा लागेल, तो मात्र दुसरीकडून घेऊ.

पैसे ज्या खात्यात ३१,३०० पाठवले त्याच खात्यात पाठवा. फोन करू नका.

आपला,
ऑर्डर तुमच्याकडे आहे, नाव त्यात आहे

ता. क. : त्या अटेंडंट मुलाला दोन दिवसांचा भत्ता आमच्याकडून घ्यायला सांगितला होतात. तो मी दिला, तर्री-पोहेही खाऊ घातले. ते पैसे मागत नाही. पुढच्या वेळी त्याला पाठवाल तेव्हा पेटीत काय आहे ते सांगून पाठवा.