नोंदणीच्या टेबलावरची लढाई

माननीय संपादक,

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा विषय निघाला की बहुतेक लेख अलाबामा राज्यातील सेल्मा गावाच्या पुलावर 7 मार्च 1965 रोजी मताधिकार मोर्चावर झालेल्या लाठीमारापाशीच थांबतात. मोर्चातले ते सहाशे लोक मुळात रस्त्यावर का उतरले, हे राहून जाते. कागदोपत्री मताचा हक्क 1870 मध्येच पंधराव्या घटनादुरुस्तीने मिळाला होता. अडवणूक व्हायची ती मतदारनोंदणी करताना.

दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यात अर्जाला 21 प्रश्न. त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या 285 कलमांपैकी नोंदणी अधिकारी बोट ठेवील ते कलम जसेच्या तसे उतरवायचे आणि त्याचा अर्थ लिहायचा. बरोबर की चूक, ठरवणारा तोच. नमुना उत्तर नाही, गुण नाहीत. गोऱ्या अर्जदाराला दोन ओळींचे कलम, कृष्णवर्णीयाला किचकट आणि लांबलचक. शिवाय 1962 पासून अर्जदारांची नावे स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापणे सक्तीचे झाले. अर्ज कोणी केला हे मळेवाल्याला, घरमालकाला, उधारी देणाऱ्या दुकानदाराला घरबसल्या कळू लागले.

मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय शेतमजूर फॅनी लू हेमर 31 ऑगस्ट 1962 रोजी इंडियानोला गावी नोंदणीसाठी गेल्या. ‘डी फॅक्टो’ (प्रत्यक्षात चालणाऱ्या) कायद्यांविषयीचे कलम समोर आले, नापास. ज्या मळ्यावर 18 वर्षे राबल्या, तो त्याच रात्री सोडावा लागला. जानेवारी 1963 मध्ये त्या चाचणी पास झाल्या, तरी मत देता आले नाही, कारण पोल टॅक्सच्या, म्हणजे मत देण्यासाठी भराव्या लागणाऱ्या कराच्या, दोन वर्षांच्या पावत्या नव्हत्या. हा कर वर्षाला दोन डॉलर होता. शेतमजुराला तोही जड.

मग कोर्टात दाद का मागितली नाही? मागितली होती. पण खटला काउंटीगणिक (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वेगळा भरावा लागे. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत येते, तिच्यावर केंद्र सरकारने 1961 मध्ये खटला भरला. तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे 15,000 कृष्णवर्णीय. नोंद 156 जणांची. चार वर्षे कोर्टकचेरी झाली आणि आकडा गेला 383 वर! कोर्टाने एक चाचणी रद्द केली की राज्य दुसरी पुढे करी.

6 ऑगस्ट 1965 च्या मताधिकार कायद्याने नेमके हेच ओळखले. अशा राज्यांत चाचण्या थांबवल्या, नोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी पाठवले. सर्वांत मोलाचे, माझ्या मते, कलम 5: निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी हवी. बदल भेदभावाचा नाही, हे राज्याने सिद्ध करायचे. नागरिकाने वर्षानुवर्षे खटले लढवत बसायचे नाही. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी 6.7 टक्क्यांवरून 1967 पर्यंत 59.8 टक्क्यांवर गेली.

जून 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, कलम 5 कोणत्या राज्यांना लागू हे ठरवणारे सूत्रच रद्द केले; त्यामुळे ते कलम कागदावरच उरले. त्याच दिवशी टेक्सासने, पूर्वी अडवला गेलेला मतदार ओळखपत्राचा कायदा लागू करत असल्याचे जाहीर केले. सेल्माच्या पुलाचे छायाचित्र छापताना त्याशेजारी या निकालाचीही माहिती द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, सातारा